ग्रीक भोजनगृहांतील वंचना

एखाद्या राष्ट्राचा परिचय त्याच्या ग्रंथांवरून करून घ्यावा कीं त्याच्या अन्नावरून, याविषयीं विद्वानांत मतभेद असावयाचाच. परंतु परदेशीं गेलेल्या सामान्य कुटुंबाला ग्रंथालयाची वाट क्वचितच सांपडते. भोजनगृहाची वाट मात्र त्याला दिवसांतून दोनदां धरावीच लागते. तेथें जें पानांत पडेल त्यावरून तें कुटुंब त्या देशाविषयीं आपलें मत बनवितें, आणि घरीं परतल्यावर तें चारचौघांत सांगतें. म्हणून भोजनगृहांतील फसवणूक ही केवळ खिशाची फसवणूक नव्हे. तिच्यायोगें एका समाजाविषयीं दुसऱ्या समाजांत खोटी समजूत पसरते, आणि अशी समजूत एकदां रुजली म्हणजे ती उपटून काढणें दुर्घट होतें.

अलीकडे आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबें ग्रीस देश पाहून येऊं लागलीं आहेत. त्यांपैकीं बहुतेकांचें गाऱ्हाणें एकच असतें : देवालयें पाहून डोळे निवाले, पण जेवणानें पोट निवालें नाहीं. ग्रीक जेवण म्हणजे भाजलेलें मांस, तळलेले बटाटे आणि काकडी-टोमॅटोचे तुकडे, असा अभिप्राय आम्हीं इतक्या तोंडून ऐकला आहे कीं, त्याचा समाचार घेणें आतां अवश्य झालें आहे. आमचें म्हणणें असें कीं, ग्रीक अन्न म्हणून प्रवाशांपुढें जें ठेवण्यांत येतें, तें बहुधा ग्रीक अन्न नसून ग्रीस देशाचें एक बाजारी चित्र असतें. आणि या चित्राआड जें खरें अन्न झांकलें जातें, तें पाहून महाराष्ट्रीय मनुष्यास परक्या गांवीं आपल्याच नात्यांतलें कोणी भेटल्याचा आनंद व्हावा, असें आहे.

प्रथम या चित्राचें वर्णन करूं. अथेन्स शहरांत आक्रोपोलिसच्या टेकडीच्या पायथ्याशीं प्लाका नांवाची जुनी वस्ती आहे. तेथील अरुंद गल्ल्यांतून जाऊं लागलें कीं, दर दहा पावलांवर एक गृहस्थ हंसतमुखानें आडवा येतो आणि चार-पांच भाषांत आपलें स्वागत करतो. अशा इसमास ग्रीक भाषेंत ‘क्राख्तिस’, म्हणजे ओरडून बोलावणारा, असा स्वतंत्र शब्दच आहे. त्याच्या मागें पदार्थांच्या रंगीत छायाचित्रांची भली मोठी पाटी असते. टेबलांवर निळे-पांढरे आच्छादन, छपरावरून लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या द्राक्षवेली, आणि ध्वनिवर्धकांतून दिवसभर वाजणारी एकच बूझूकीची चाल, एवढा सरंजाम पाहून प्रवाशाची खात्री पटते कीं, आपण खऱ्या ग्रीसमध्यें येऊन पोंचलों.

अशाच एका ठिकाणीं आम्ही जेवावयास बसलों होतों. बसतांक्षणींच न मागतां पावाची टोपली आली, आणि शेवटीं तिची किंमत बिलांत निमूटपणें येऊन बसली. माशांच्या अंड्यांची ताराम नांवाची चटणी मागविली, ती गुलाबी रंगाची निघाली. वास्तविक चांगल्या तारामचा रंग फिकट पिंवळसर असतो. गुलाबी रंग हा बहुधा डबींतल्या रंगाचा प्रताप. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताच्या वळकट्यांना पत्र्याच्या डब्याची चव होती. तळलेल्या माकूळ माशाच्या नांवापुढें पदार्थसूचींत एक बारीक चांदणी होती. माल गोठविलेला असल्यास तशी खूण करणें ग्रीसमध्यें कायद्यानें बंधनकारक आहे. तिचा अर्थ मात्र पानाच्या तळाशीं, भिंगाशिवाय वाचतां येणार नाहीं अशा अक्षरांत दिलेला होता. वांग्याचा सुप्रसिद्ध मुसाका कडेला कढत आणि मध्यभागीं बर्फासारखा गार होता. वरचा मैद्या-दुधाचा थर सुरीनें कापला असतां रबरासारखा पुन्हा जागेवर येई. आमच्याबरोबर दोन शाकाहारी मंडळी होती. ‘आपल्यासाठीं काय करतां येईल ?’ असें विचारतां वाढप्यानें क्षणभर विचार केला आणि तळलेल्या बटाट्यांची बशी व सॅलड सुचविलें. त्या सॅलडमध्यें कोबीसारख्या पाल्याचा ढीग होता. ज्याला ग्रीक लोक गांवठी सॅलड म्हणतात, त्यांत हा पाला मुळीं नसतोच.

त्या भोजनगृहाचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं, कारण त्याच्या उजव्या-डाव्या हाताचीं चार दुकानें त्याहून निराळीं नव्हतीं. शिवाय हा रोग अथेन्सपुरताच नाहीं. लंडनमधील एका ग्रीक म्हणविणाऱ्या भोजनगृहांतहि आमच्यापुढें हेंच चित्र मांडण्यांत आलें. फरक एवढाच कीं, तेथें चण्याची हुम्मुस ग्रीक म्हणून वाढण्यांत आली. ती मुळांत सीरिया-लेबनॉनकडील. आपल्या मुंबई-पुण्यांतहि ‘मेडिटेरेनियन’ या एका पाटीखालीं पांच-सहा देशांच्या पाककला एकाच कढईंत ढवळण्याची रीति पडूं लागली आहे.

येथें न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रवाशांच्या सर्वच तक्रारी ग्राह्य नसतात. ‘जेवण कोमट आलें’ ही तक्रार बहुधा अज्ञानाची असते. ग्रीक घरांत आणि जुन्या खानावळींत ‘मायिरेफ्ता’ या वर्गांतले पदार्थ, म्हणजे भांड्यांत वा भट्टींत शिजविलेलें रोजचें अन्न, सकाळीं होतें आणि दुपारीं कोमटच खाल्लें जातें. मुरल्यानें त्यांची चव वाढते, अशी त्यांची समजूत आहे व ती खरी आहे. ‘तेल फार’ ही तक्रारहि तशीच. भाज्यांच्या ज्या पदार्थांना तिकडे ‘लादेरा’ म्हणतात त्या शब्दाचा अर्थच मुळीं ‘तेलांतले’ असा आहे. ऑलिव्हचें तेल हें तेथें फोडणीपुरतें साधन नसून तोच पदार्थाचा रस्सा असतो. रात्रीं नऊच्या आधीं खानावळ ओस दिसते म्हणून नाक मुरडणारांनीं ग्रीक लोक रात्रीं उशिरां जेवतात हें ध्यानांत घ्यावें. अन्न त्या देशाच्या रीतीनें आलें म्हणून आमची तक्रार नाहीं. तें त्या देशाच्या रीतीनें आलें नाहीं, ही आमची तक्रार आहे.

आतां झांकलेल्या गोष्टीकडे वळूं. ग्रीक जनता बहुसंख्येनें सनातनी ख्रिस्ती पंथाची आहे, आणि त्या पंथाचे उपास मोजले तर वर्षांतले निम्मे दिवस भरतात. ईस्टरच्या पूर्वीचा दीर्घ उपास, नाताळपूर्वीचे चाळीस दिवस, ऑगस्टचा पहिला पंधरवडा, शिवाय बहुतेक बुधवार आणि शुक्रवार. या दिवशीं मांस वर्ज्य, दूध-दहीं-चीज वर्ज्य आणि अंडीं वर्ज्य. मासेहि एरव्हीं चालत नाहींत, मात्र कालवें, माकूळ इत्यादि बिनकांट्याचे जलचर चालतात. आज हे उपास सगळेच पाळतात असें नाहीं. परंतु ज्या स्वयंपाकघरानें शतकानुशतकें वर्षाचे निम्मे दिवस अशा नियमांत काढले, त्यानें कडधान्यें व भाज्या यांची किती विद्या संपादन केली असेल, हें चातुर्मास पाळणाऱ्या आजीच्या हातचें जेवलेल्या वाचकांस वेगळें सांगावयास नको. या अन्नाला ग्रीक भाषेंत ‘निस्तीसिमा’, म्हणजे उपासाचें, असें नांव आहे.

तें अन्न कसें असतें ? सिफ्नोस बेटावर शनिवारीं संध्याकाळीं मातीच्या भांड्यांत चणे, कांदा आणि तेल घालून तें भांडें लांकडाच्या भट्टींत ठेवितात, आणि रविवारीं दुपारीं रात्रभर मुरलेले ते चणे घरोघर खातात. मोठ्या पांढऱ्या पावट्यांसारखे ‘यीगान्देस’ टोमॅटोच्या रसांत भाजून निघतात. सान्तोरिनी बेटाची ‘फावा’ ही तर पिंवळ्या डाळीचें घट्ट वरणच होय. तिच्यावर कच्चा कांदा, तेल आणि लिंबू. ज्या वनस्पतीपासून ती डाळ निघते, तिचें कुळ आपल्या विदर्भांतील लाखोळीचें आहे. ‘होर्ता’ म्हणजे रानभाज्या. उकडून त्यांवर तेल-लिंबू घालितात. उन्हाळ्यांतली ‘व्लिता’ ही आपल्या माठाची बहीण, आणि ‘ग्लिस्त्रिदा’ म्हणजे प्रत्यक्ष आपली घोळ. त्यांचें गाळलेलें घट्ट दहीं, जें आज जगभर ‘ग्रीक योगर्ट’ या नांवानें दामदुप्पट किंमतीला विकलें जातें, तें श्रीखंडाकरितां आपण फडक्यांत बांधून टांगतों त्या चक्क्याचेंच भावंड. त्यांत काकडी व लसूण घातली कीं ‘झाझीकी’ झाली. आपल्या कोशिंबिरीपासून ती कितीशी दूर?

या साध्या अन्नाची कीर्ति ग्रीसबाहेरहि झालेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ सालीं रॉकफेलर संस्थेनें क्रीट बेटाची पाहणी करविली. पुढें अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनीं सात देशांतील लोकांचा आहार व हृदयरोग यांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यांतहि क्रीटच्या शेतकऱ्यांचा समावेश होता, आणि त्यांच्यांत हृदयरोगाचें प्रमाण विलक्षण कमी आढळलें. तें बेट त्या काळीं गरीब होतें. मांस त्याच्या ताटांत क्वचित् येई. ऑलिव्ह तेल, कडधान्यें, पाव, फळें आणि रानभाज्या यांवर तेथील माणूस डोंगर चढत असे. २०१० सालीं युनेस्कोनें भूमध्य समुद्राकांठच्या आहारपद्धतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशांत केली आणि तींत ग्रीसचें नांव घातलें. म्हणजे ज्या आहाराचा गौरव शास्त्रज्ञांनीं केला आणि राष्ट्रसंघाच्या संस्थेनें ज्याची नोंद केली, तो आहार त्याच देशाच्या राजधानींत मागणाऱ्या शाकाहारी पाहुण्यास तळलेले बटाटे दाखविण्यांत यावेत ! यापरता उपहास कोणता ?

हें चित्र कोणीं रंगविलें, हेंहि पाहण्यासारखें आहे. त्याचे कांहीं रंग ग्रीकांनींच भरले. निकोलाओस त्सेलेमेन्तेस या विख्यात आचाऱ्यानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जें पाकशास्त्र लिहिलें, त्याचा संचार घरोघर इतका झाला कीं, त्याचें आडनांवच ग्रीक भाषेंत ‘पाकपुस्तक’ या अर्थीं रूढ झालें. तुर्की अंमलानें आपलें अन्न बिघडविलें, तें युरोपीय वळणावर आणून शुद्ध केलें पाहिजे, असा त्याचा ग्रह होता. त्या भरांत त्यानें मसाले व तेल मागें सारून फ्रेंच पद्धतीचे लोणी-मैद्या-दुधाचे रस्से आणले. मुसाक्यावरचा तो जाड पांढरा थर ही त्याचीच देणगी. आपलें तें हीन आणि साहेबाचें तें थोर, ही वृत्ति आपल्यालाहि अपरिचित नाहीं. पुढें चित्रपटांनीं उरलेले रंग भरले. १९६४ सालीं ‘झोर्बा द ग्रीक’ हा चित्रपट निघाला. त्यांतील सिर्ताकी नृत्य प्राचीन लोकनृत्य म्हणून आज प्रत्येक भोजनगृहांत नाचून दाखवितात. वास्तविक तें त्या चित्रपटाकरितां जुन्या नृत्यांच्या आधारें नव्यानें रचलेलें आहे. चीजवर मद्य ओतून ज्वाळा उठविण्याची प्रथाहि ग्रीसची नव्हे. ती १९६० च्या दशकांत अमेरिकेंतील शिकागो शहराच्या ग्रीक वस्तींत निघाली. अशा रीतीनें परदेशांत तयार झालेला ग्रीस पुन्हा ग्रीसमध्यें आयात झाला, आणि प्रवासी त्यालाच मूळ समजून टाळ्या पिटूं लागले.

यावर भोजनगृहवाल्यांच्या बाजूनें तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, गिऱ्हाईक जें मागतें तें आम्ही देतों. हें उत्तर लंगडें आहे. ज्यानें फावा कधीं पाहिली नाहीं, तो ती मागणार कशी ? पदार्थसूचींत जें छापलेलेंच नाहीं, त्याला मागणी नाहीं असें म्हणणें म्हणजे शाळेंत गणित न शिकवितां मुलांना गणिताची आवड नाहीं असें म्हणण्यासारखें आहे. खरें कारण निराळें आहे. २०२१ च्या जनगणनेप्रमाणें ग्रीसची लोकसंख्या सुमारें एक कोटी पांच लाख. आणि २०२३ या एका वर्षांत तेथें तीन कोटींहून अधिक परदेशी प्रवासी आले. गल्लींतल्या खानावळीचा मालक ज्या शेजाऱ्याला आज वाईट जेवण घालील, तो उद्यां फिरकणार नाहीं, हें भय त्याला असतें. प्लाकांतल्या मालकाला हें भय नाहीं. आजचें गिऱ्हाईक पुन्हा यावयाचेंच नसतें, आणि उद्यां त्याच्या जागीं दुसरें येणार हें निश्चित असतें. डबे, बर्फपेट्या आणि छायाचित्रें यांचें राज्य या निर्भयतेंतून उत्पन्न झालें आहे.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा आहे. अन्न नेहमींच बदलत आलें आहे. ‘खरें ग्रीक अन्न’ ही कल्पनाच भ्रामक, असें कांहीं म्हणतात. टोमॅटो अमेरिकेंतून आला. मुसाका हा शब्द अरबी मुळाचा. मग शुद्धतेचा आग्रह कां? आम्ही शुद्धतेचा आग्रह धरीतच नाहीं. आपल्या उपासाचा बटाटा, मिरची आणि ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद, हीं तिन्ही अमेरिकेंतून आलेलीं. म्हणून साबुदाण्याची खिचडी महाराष्ट्रीय नव्हे असें कोण म्हणेल? १९२३ च्या लोझान येथील करारान्वयें तुर्कस्तान व ग्रीस यांच्यामध्यें लोकांची अदलाबदल झाली. त्या धामधुमींत सुमारें बारा लाख निर्वासित आशिया मायनरमधून ग्रीसमध्यें आले. त्यांनीं स्मर्ना शहरचे जिऱ्याच्या वासाचे खिम्याचे गोळे आणले, आणि तेहि ग्रीकच झाले. पण तो बदल माणसांनीं केला. स्मृतीच्या जोरावर, नव्या गांवच्या चुलीवर, मुलाबाळांच्या तोंडीं चार घांस जावेत म्हणून केला. बर्फपेटींतून काढून यंत्रांत गरम केलेला मुसाका हा कोणाच्या स्मृतींतून आला ? बदलाला आमचा विरोध नाहीं. आळसाला संस्कृतीचें नांव देण्याला आहे.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि त्याचा विचार आदरानें केला पाहिजे. २०१० पासून कित्येक वर्षें तो देश कर्जाच्या संकटांत सांपडला होता. पगार कापले गेले, तरुण देशोधडीस लागले, आणि प्रवाशांचा धंदा हाच पुष्कळांचा आधार ठरला. उन्हाळ्याच्या चार-सहा महिन्यांत वर्षाची भाकरी मिळविणाऱ्या वाढप्यावर आम्ही रागावूं इच्छीत नाहीं. दिवसभर उन्हांत उभें राहून पांच भाषांत हंसणें हें सुखाचें काम नव्हे. पण गरिबी ही निकृष्ट अन्नाची सबब होऊं शकत नाहीं, कारण ज्या अन्नाची आम्ही मागणी करीत आहों तेंच मुळीं गरिबांचें आहे. १९४१-४२ च्या हिंवाळ्यांत, शत्रूच्या ताब्यांतील अथेन्समध्यें हजारों माणसें उपासमारीनें मेलीं. त्या काळीं शहरची माणसें रानावनांतून होर्ता खुडून आणीत. चणे, डाळ आणि रानभाजी यांना गोठविलेल्या माकुळापेक्षां अधिक पैसा पडत नाहीं. श्रम व लक्ष मात्र अधिक पडतात.

कायद्यानें या बाबतींत एक चमत्कारिक स्थिति निर्माण केली आहे. फेता या चीजचें नांव युरोपीय संघानें २००२ सालीं ग्रीसकरितां राखून ठेविलें. डेन्मार्क व जर्मनी यांनीं त्याविरुद्ध भांडून पाहिलें. २००५ सालीं न्यायालयानें निकाल ग्रीसच्या बाजूनें दिला. फेता मुख्यतः मेंढीच्या दुधाचेंच हवें, त्यांत शेळीचें दूध शेंकडा तीसपर्यंतच चालेल, इतका काटेकोर नियम आहे. एका चीजसाठीं हा देश इतका झगडला हें भूषणास्पदच होय. परंतु त्या चीजचा तुकडा ज्या बशींत ठेवला जातो, त्या सबंध जेवणाच्या नांवाला कोणाचेंच रक्षण नाहीं. तें रक्षण न्यायालय करूं शकत नाहीं; तें जेवणारानेंच केलें पाहिजे.

हें गाऱ्हाणें आजचें आहे असेंहि कोणीं समजूं नये. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत सिसिलींतील गेला या ग्रीक नगरींत आर्खेस्त्रातोस नांवाचा एक रसिक कवि होऊन गेला. कोणत्या किनाऱ्यावर कोणता मासा कोणत्या ऋतूंत खावा, हें सांगण्यासाठीं त्यानें समुद्राकांठचीं गांवें पालथीं घातलीं व त्यावर काव्य लिहिलें. उत्तम माशाला मीठ व तेल पुरे, हा त्याचा सिद्धान्त; आणि त्याच माशावर चीज लिंपून त्याचा सत्यानाश करणाऱ्या सिराक्यूझच्या आचाऱ्यांवर त्यानें कोरडे ओढले आहेत. तेव्हां ग्रीक अन्नाच्या विटंबनेविरुद्ध ओरड करणें हें ग्रीसशीं वैर नव्हे. ती ग्रीसचीच तेवीसशें वर्षांची परंपरा आहे.

आणि आम्हां भारतीयांना तर या ओरडीचा विशेष अधिकार पोंचतो. इंग्लंडमधील ‘इंडियन’ भोजनगृहांत एकाच मोठ्या भांड्यांतला रस्सा तिखटाचें प्रमाण कमी-जास्त करून दहा नांवांनीं वाढला जातो. त्यालाच तिकडील लोक हिंदुस्थानचें अन्न समजतात. पिठलें-भाकरी, अळूचें फदफदें, डाळिंब्यांची उसळ यांना त्या सूचींत क्वचितच जागा मिळते. आपल्या अन्नाची अशी गत झालेली ज्यांना बोंचते, त्यांनीं दुसऱ्याच्या अन्नाविषयीं चार दिवसांच्या प्रवासावरून तेंच अज्ञान घेऊन घरीं यावें, हें शोभत नाहीं.

म्हणून ग्रीसला जाणाऱ्या आमच्या वाचकांस एवढेंच सांगणें आहे. जो रस्त्यांत आडवा येऊन बोलावितो त्याच्याकडे जाऊं नये. जेथें छायाचित्रें आहेत तेथें बसूं नये. बाजारपेठेच्या आसपास, देवळांपासून दोन गल्ल्या दूर, जेथें गांवचीं माणसें जेवत आहेत अशी साधी खानावळ शोधावी. तिला ‘मायिरीओ’ म्हणतात. तेथें पाहुण्यानें आंत जाऊन भांड्यांचीं झांकणें उघडून पाहण्याची जुनी रीत आहे. तेथें ‘आज काय शिजलें आहे ?’ असें विचारावें. शाकाहारी असाल तर ‘लादेरा’ व ‘निस्तीसिमा’ हे दोन शब्द उच्चारावे, आणि मालकाचा चेहरा कसा पालटतो तें पाहावें. जेवणाच्या शेवटीं तो बहुधा कलिंगडाची फोड अथवा गोडाचा लहानसा तुकडा न मागतां आणून ठेवील, आणि त्याची किंमत बिलांत येणार नाहीं. याला ‘केरस्मा’ म्हणतात. न मागतां आलेल्या पावाची किंमत लावणारें भोजनगृह आणि न मागतां आलेल्या फळाची किंमत न लावणारी खानावळ, हीं दोन्हीं एकाच शहरांत, हाकेच्या अंतरावर आहेत.

ग्रीक भाषेंत ‘क्सेनोस’ या एका शब्दाचे दोन अर्थ होतात : परका आणि पाहुणा. प्लाकांतल्या पाटीखालीं बसलेला मनुष्य परकाच राहतो, मग त्याच्यापुढें कितीहि थाळ्या फोडा. त्याला पाहुणा करण्याचें सामर्थ्य त्या देशाच्या डाळींत, पाल्यांत आणि तेलांत आहे. भोजनगृहवाल्यांनीं तें पदार्थसूचींत आणावें. न आणतील तर निदान आपल्या वाचकांनीं तें मागितल्याशिवाय टेबलावरून उठूं नये.